मिलोचा ट्रक

बॉटनी डाउन्स, ऑकलंड
रविवार, ४ मे

चि. वल्लरीस,

आजीचे अनेक आशीर्वाद. इकडे सर्व खुशाल, तुझी खुशाली वेळच्या वेळी कळवत जावी.

हे वरचं वाक्य तुझ्या आईने मी तोंड उघडायच्या आधीच टाइप करून टाकलं. मी म्हटलं, पत्र माझं आहे का तुझं? तर म्हणाली, ‘आई, पत्राची सुरुवात अशीच असते.’ असेल बाई.

तेव्हा आधीच सांगून ठेवते, टाइप करणारी अनुराधा आहे. मी सोफ्यावर पाय वर घेऊन बसलेय आणि बोलतेय, ती डायनिंग टेबलावर लॅपटॉप उघडून बसलीये. मी ‘लई’ म्हटलं की ती ‘खूप’ लिहिते. मी शिवी दिली की ती खोकते आणि पुढे जाते. या पत्रात मी तुला फार सभ्य वाटले तर दोष माझा नाही.

तिथे पोर्ट सुदानला आवाज पोचत नाही, फोटो पोचत नाही, फक्त अक्षरं पोचतात, असं तू तुझ्या बापाला, रमणला कळवलंस. बंदरावरचं नेट कमजोर आहे म्हणे. मला हसूच आलं. सगळ्या घरात अक्षराशी वैर असलेली मी एकटी, आणि नात गेली नेमकी तिथे जिथे अक्षराशिवाय काही जात नाही.

इकडची बातमी म्हणजे फिजोआ, ती पेरूसारखी हिरवी फळं. समोरच्या बाईच्या झाडाचे यंदा इतके पडलेत की तिने फाटकापाशी खोका ठेवलाय, फुकट न्या म्हणून. फुकट म्हटल्यावर तुझा बाप. रोज पिशवी भरून आणतो. कोशिंबिरीत फिजोआ, चटणीत फिजोआ. काल शिऱ्यात घालून बघू का म्हणाला, तेव्हा मी उठून खोलीत गेले. तो सुपरमार्केटमधून तो हिरवा डबाही आणतो, दुधात घालायचा, मिलो नावाचा. पहिल्यांदा ते नाव ऐकलं तेव्हा मी डबा हातातून खाली ठेवला होता. त्याचं कारण कधीतरी सांगेन. मोठी गोष्ट नाही.

मागच्या स्लीपआउटमधली, परसातल्या त्या सुट्या खोलीतली आपली भाडेकरू, सलोनी, तुझी आठवण काढते. बार्शीची पोर, शिकायला म्हणून आली आणि आता म्हाताऱ्यांच्या होममध्ये नोकरी करते. दिवसभर गोऱ्या म्हाताऱ्यांना आंघोळी घालते आणि संध्याकाळी माझ्याशी भांडायला येते. म्हणते, ‘आजी, तिकडच्या आज्या तुमच्यापेक्षा खूप गरीब स्वभावाच्या आहेत.’ मी म्हटलं, त्यांना मराठी येत नाही म्हणून तुला तसं वाटतं.

इथे पेनरोजच्या डेपोतून तू सुपरमार्केटचे ट्रक सोडायचीस, तेव्हा मी चिडवायचे, एवढी इंजिनिअर झाली आणि गाड्यांना हात दाखवत उभी राहते. ते शब्द मागे घेते. चांगली नोकरी होती. संध्याकाळी घरी यायचीस. अनुराधा, हे लिहिलंस का? लिहिलं म्हणते.

आणि तुला ते मदतीचं काम मिळालं, तेव्हा मला खरी गंमत कशाची वाटली सांगू? तुमच्या पोत्यांत ज्वारी असते म्हणालीस. अगं, तुझी भाकरी परातीतून तव्यापर्यंत कधी एका तुकड्यात गेली नाही. आणि देवाने तुलाच निवडलं ट्रक भरभरून ज्वारी पोचवायला! पोचवायला नाही, मोजायला. अनुराधा, ‘मोजायला’ लिही. गोदामात बसून मोजायला. दोन्ही लिहिलंस? बरं, राहू दे.

आता दोन-चार गोष्टी विचारते, त्यांची नीट उत्तरं दे. गोदामाचा रस्ता कसा आहे? नुसती वाळू का खडी पण आहे? तो इद्रिस नावाचा ड्रायव्हर गाडी बेताने चालवतो ना? अनुराधा विचारतेय, गोदामात बसणाऱ्या मुलीचा ड्रायव्हरशी काय संबंध. मी म्हटलं, तो गोदामात गाड्या लावतो. लावतो ना? तसं कळव. उजेड आहे तोवर गोदामात परत येतेस ना? गोदामाला वर पत्रा आहे ना, चांगला जाड? उघड्यावर फार वेळ उभी राहू नकोस. वर बघत जा. उन्हासाठी म्हणतेय मी, अनुराधा, उन्हासाठी.

तुझी आई म्हणते, आई, तुम्ही आज गोदामाबद्दल फार विचारताय. मी म्हटलं, नात गोदामात आहे, तर गोदामाबद्दल नको विचारू, तर काय विमानतळाबद्दल विचारू?

जेवत जा. केस बांधून ठेव.

सही म्हणून मी लॅपटॉपला अंगठा लावला. हाताला शेंगांची चटणी होती. त्यावरून आता बोलणी खातेय, स्क्रीन पुसणं चाललंय.

गोदामाची सगळी माहिती असलेली,
तुझी आजी


बॉटनी डाउन्स
गुरुवार, २२ मे

वलू,

आशीर्वाद मागनं. आधी सांग, हायेस का?

हे सलोनी लिहितेय, तिच्या फोनवर, तिच्या मेलवरनं. उत्तर तिलाच दे. आज तिची सुट्टी हाय, तुझे आईबाप हापिसात गेलेत, मी तिच्या खोलीत पलंगावर बसलेय. कुणाला सांगू नको म्हणून तिला आधी देवाची शपथ घातली, मग तिच्या आईची, मग तिच्या रेसिडेन्सीची, इथं कायम राहायच्या परवान्याची. तिसऱ्या शपथेला पोरगी खरी घाबरली. ही मी बोलते तसंच लिहिते, शुद्ध करत न्हाई. हिला पुरतं कळावं म्हणून सगळं पहिल्यापासनं सांगते, तुला ठाऊक असलेलंबी ऐकून घे.

मागल्या पत्राच्या आधीच, आवाज पोचत होता तवर, पोर्ट सुदानातनं निघायच्या आदल्या दिवशी तू मला फोन केलास. भर दुपारी, मी घरात एकटी असताना, मुद्दाम. म्हणालीस, ‘आजी, मी गोदामात नाही बसणार. आत एका गावाला वेढा पडलाय, माणसं जनावरांची पेंड खातायत. तिथे ट्रक न्यायचेत. पुढच्या जीपमध्ये मी असणार, मागच्या ट्रकवर इद्रिस. आई-बाबांना सांगू नकोस, कुणाला तरी सांगितल्याशिवाय निघवेना, म्हणून तुला सांगते.’

मला किती बरं वाटलं तेव्हा. म्हटलं, पोरीचा माझ्यावर केवढा विश्वास. आता बसल्या बसल्या वाटतं, घरात लिहिता न येणारी एकटीच होते म्हणून मला निवडलंस काय गं भवाने?

आन् वर हसून सांगितलंस की इद्रिसनंबी त्याच्या आईला हेच सांगितलंय. तो बंदरावरच गाडी फिरवतो, आत जातच न्हाई, असं. ‘आम्ही दोघांनी आयांना एकच थाप मारलीये आजी.’ मीबी हसले होते. आता त्या हसण्याची आठवण झाली की जीभ चावते.

सोमवारी सहाच्या बातम्या लागल्या होत्या. रमण सोफ्यावर, अनुराधा पोळ्या करत होती, मी ताटावर. टीव्हीवर जळका ट्रक दाखवला. पांढरा असावा, अर्धा काळा झालेला. पोती फुटून पडलेली आन् मातीत दाणे. इंग्रजी मला कळत न्हाई वलू, पण ज्वारी कळते.

रमण म्हणाला, ‘अगं, सुदान दाखवतायत. मदतीच्या गाड्यांवर ड्रोनमधून बॉम्ब टाकला म्हणे. कोणी टाकला ते कोणी कबूल करत नाही.’

अनुराधानं वळून बघितलं. म्हणाली, ‘बिचारे. बरं झालं बाई, आपली वलू पोर्टवर आहे.’ मग मला म्हणाली, ‘आई, अजून एक पोळी वाढू?’

मी म्हटलं, वाढ.

मी ती पोळी खाल्ली. सगळी खाल्ली, भाजीला लावून. न्हाई खाल्ली असती तर तिनं माझ्याकडं बघितलं असतं. घास गालात फिरवत होते आन् टीव्हीवर तवर क्रिकेट लागलं होतं.

तू म्हणाली होतीस, दोन्हीकडच्या फौजांना आधी कळवून निघतो, अमक्या दिवशी अमक्या रस्त्यानं येतोय म्हणून, म्हंजे ते मारत न्हाईत. मला तेव्हाच वाटलं होतं, मारणाऱ्याला आपला रस्ता आपणच सांगायचा, ही कसली रीत? पण तू शिकलेली, म्हटलं तुला ठाऊक.

सोमवारपासनं मी कान लावून बसलेय. इथं दिवसा रस्त्यावर माणूस दिसत न्हाई, तुला ठाऊक हाय. आधी मी या शांततेची मस्करी करायचे. आता फ्रिज चालता चालता बंद झाला तरी दचकते.

काल सकाळी दाराची घंटी वाजली. इथं वाईट बातमी सांगायला पोलीस दारात येतात, हे सलोनीनंच मला सांगितलेलं, तिच्या होममध्ये एका बाईकडं आले होते. काचेतनं बघितलं तर उंच माणूस, अंगात पिवळं जाकीट. पोलिसाचं जाकीट आन् रस्त्यावर काम करणाऱ्याचं जाकीट, मला फरक कळत न्हाई. मी दार न्हाई उघडलं. तिथंच खाली बसले, बुटांच्या कपाटापाशी, सगळ्यांच्या चपला-जँडल्सच्या ढिगात. म्हटलं, दार उघडलं न्हाई तर बातमी आत येणार न्हाई. तो बाहेरनं ‘किया ओरा’ म्हणाला, म्हंजे इकडचा नमस्कार. परत म्हणाला. मी विचार करत बसले, मेल्याची बातमी आणणारा माणूस एवढ्या मोकळ्या आवाजात किया ओरा म्हणंल का? मग काहीतरी धपकन पायरीवर टाकलं आन् गाडी गेली.

लई वेळानं उघडलं. खोका होता. रमणनं लॉन कापायच्या मशिनीचं पातं मागवलेलं.

सलोनी हसतेय. हस. मीबी हसले असते.

हिनं फोनवर शोधलं. म्हणते, मेलेल्यांची नावं कुठं दिली न्हाईत. तुमच्या हापिसाच्या माणसानं रमणला फोन केला न्हाई, म्हंजे तू बरी असशील, असं मी मनाला सांगते. मग मनच म्हणतं, त्यांना तरी अजून कुठं कळलंय?

तुला एक सांगायचं होतं, मिलोच्या ट्रकचं. म्हंजे तू का गेलीस ते मला कळतं, असं सांगायचं होतं. पण आज न्हाई. आज माझ्याच्यानं ट्रकचं नाव काढवत न्हाई.

बये, एक अक्षर पाठव. मला वाचता येत न्हाई, कुठलंबी चालंल.

तोंड शिवून बसलेली,
तुझी आजी


बॉटनी डाउन्स
रविवार, १ जून

चि. वल्लरीस,

आशीर्वाद. आज परत अनुराधा टाइप करतेय. इकडे थंडी सुरू झाली. फिजोआ एकदाचे संपले. तुझा बाप मागे लॉन कापतोय, नवीन पातं लावून, सगळ्या बॉटनीला ऐकू जावं असा. तुझी आई म्हणते, हिवाळ्यात कोणी लॉन कापतं का.

अनुराधा, आता मी जे बोलेन ते जसंच्या तसं लिही. शुद्ध करू नकोस. हात थांबला तरी चालंल, पण पुसू नकोस.

वलू, तुझं उत्तर बुधवारी सलोनीच्या फोनवर आलं.

अनुराधा विचारतेय, सलोनीच्या फोनवर का. तेबी लिही, अनुराधा. तू विचारलंस तेबी लिही.

अनुराधा, तुझी पोरगी बंदरावर न्हाई. ती गोदामात बसलीच न्हाई. ती ट्रक घेऊन वेढा पडलेल्या गावाकडं निघाली होती. टीव्हीत जो जळका ट्रक दाखवला, तो तिच्याच जीपच्या मागचा. ती वाचली. जित्ती हाय. आधी ते ऐक. जित्ती हाय.

इथं अनुराधा थांबली होती. बोटं कीबोर्डवर तशीच, हलत न्हाईत. बाहेर रमणच्या मशिनीचा आवाज तेवढा चालू होता. मी म्हटलं, पाणी आणू का? तर मान हलवली, पण हो म्हणून का न्हाई म्हणून, ते मला कळलं न्हाई. मग तिनं एवढंच विचारलं, ‘त्या दिवशी तुम्ही आणखी पोळी घेतलीत आई. तेव्हा माहीत होतं तुम्हाला?’

मी म्हटलं, व्हय.

‘मग कशी खाल्लीत?’

म्हटलं, तुझ्याकडं न बघता.

आता परत टाइप करतेय.

तर वलू, तुला दिलेला शब्द तू मला मोडायला लावलास. का मोडला ते सांगते. तुझं उत्तर सलोनीनं वाचलं तेव्हा मी मेथी निवडत होते. ‘आजी, मी आहे,’ एवढं तिनं वाचलं आन् मी जुडी खाली ठेवून हात जोडले, म्हटलं, बास, पुढचं नको वाचू. तर ती म्हणाली, ‘आजी, पुढं हाय अजून.’

पुढं इद्रिस होता. इद्रिस गेला. तुम्ही गाड्या माघारी वळवल्या. परतीच्या वाटेवरच्या गावात त्याची आई राहते, तिला सांगायला तू स्वतः गेलीस. आन् ती बाई तुला म्हणाली, तुमची चूक होतेय पोरी, माझा मुलगा बंदरावर असतो, या रस्त्याला येतच न्हाई, दुसरा कुणी इद्रिस असंल. तिनंच तुझी समजूत घातली. बस म्हणाली. चहा ठेवायला उठली.

आन् त्याच्याखाली तू लिहिलंस, ‘मंगळवारी परत त्याच गावाकडे निघतोय. आईला सांगू नकोस.’

सलोनी वाचायची थांबली, तरी मला कितीतरी वेळ तो चहा दिसत होता. पोर गेलेलं आन् आई पाहुणीसाठी चहाचं आधण ठेवतेय.

मी तरीबी गप बसले होते. खरं सांगते, बुधवारपासनं कालपर्यंत गप. काल सकाळी मी आन् तुझी आई मागं कपडे वाळत घालत होतो. शेजारचं घर विकायला काढलंय. डोक्यावर गुणगुण सुरू झाली, मधमाश्यांसारखी. वर बघते तर ड्रोन. मी अनुराधाचा हात धरला आन् तिला ओढत गॅरेजमध्ये घेऊन गेले, भिंतीला चिकटवली आन् तिच्या अंगावर ओली चादर टाकली. ती म्हणतेय, ‘आई, काय झालं? अहो, एजंट घराचे फोटो काढतोय.’ मला ऐकूच येत न्हाई. चपला बाहेर राहिल्या, चिमटे बाहेर राहिले. ड्रोन गेल्यावरबी मी तिला सोडत नव्हते.

मग तिनं माझ्याकडं बघितलं. पोळीच्या दिवशी मी जी नजर चुकवली होती, त्याच नजरेनं बघितलं. म्हणाली, ‘आई, तुम्ही माझ्यापासून काय लपवताय?’ मी म्हटलं, उद्या पत्र लिहू, तेव्हा सांगते. तोंडानं सांगायची माझी छाती झाली न्हाई. पत्रात सांगायचं म्हंजे तुलाच सांगितल्यासारखं, तिनं नुसतं ऐकायचं. अशी मी धीट बाई.

आता मिलोचा ट्रक.

बहात्तरच्या दुष्काळात मी करमाळ्याकडं खडी फोडायला जायचे. रमण चार वर्षांचा. विहिरीत बघितलं तर तळाचे दगड दिसायचे. घरात कण्यासुद्धा उरल्या नव्हत्या. अमेरिकेची लाल ज्वारी येणार, मिलो म्हणतात तिला, असं सांगितलेलं. ट्रक येणार म्हणून आम्ही बायका रस्त्याच्या कडंला बसायचो. आज येईल, उद्या येईल. रमण आधी रडायचा. मग रडायचा थांबला. रडायचं थांबलेलं पोर मांडीवर घेऊन रस्त्याकडं बघत बसणं काय असतं, ते मी आजवर कुणाला सांगितलं न्हाई. तुझ्या आज्याला न्हाई, रमणला न्हाई.

ट्रक आला. लाल दाणा, कुबट वासाचा, भाकरी थापली की चिरायची. मी कण्या शिजवून पातळ केल्या आन् बोटानं त्याच्या ओठाला लावल्या. त्यानं आधी तोंड फिरवलं. मग चाटलं.

हा जो मागं एवढा आवाज करतोय ना, तो त्या ट्रकवर जगलाय. म्हणून तुला ‘परत ये’ म्हणायला मी तोंड उघडते आन् मिटते. कुठंतरी रस्त्याच्या कडंला कुणीतरी बसली असंल, मांडीवर रडायचं थांबलेलं पोर घेऊन, आन् तुझ्या ट्रकची वाट बघत असंल. तिला काय सांगू, माझी नात घाबरली, ती येत न्हाई? तू घाबरली न्हाईस. घाबरलेय मी. इतकी की माझं मला हसू येत न्हाई, आन् तुला ठाऊक हाय, माझं हसू कधी गेलं न्हाई, तुझा आजा गेला तेव्हाबी.

पण एक ऐक. त्या मिलोच्या ट्रकचा ड्रायव्हर मला आठवत न्हाई. पोतं आठवतं. पोत्यावर दोन हातांचं चित्र होतं, एकमेकांत धरलेले, ते आठवतं. ड्रायव्हर गोरा का काळा, तरणा का म्हातारा, काही न्हाई. तोबी कुणाचा तरी मुलगा असंल, आन् त्याची आई कुठंतरी दारात बसली असंल, हे माझ्या मनात आलंच न्हाई. भुकेल्या बाईच्या मनात येत न्हाई, आन् तिच्याकडनं कुणी मागूबी नये. पण कुणाच्या तरी मनात पाहिजे ना गं? पोर रस्त्यावर असताना एका तरी माणसाच्या काळजाला ठाऊक पाहिजे की ते रस्त्यावर हाय.

इद्रिसच्या आईला कुणी ते कळूच दिलं न्हाई. तो ट्रकवर होता तेव्हा ती निवांत जेवली असंल. लोक म्हणतील, बरं झालं, तेवढीच सुखात राहिली. मला न्हाई पटत. तिच्या पोरासाठी घाबरायचं ते तिनं घाबरायचं होतं. ते तिच्या हातनं काढून घेतलं आन् एकदम शेवटचं तेवढं दिलं.

तुझ्या आईच्या बाबतीत मी ते होऊ देणार न्हाई. तू मंगळवारी जा. मी अडवत न्हाई. पण अनुराधा इथं बसून पोळ्या लाटत ‘बरं झालं बाई, पोर्टवर आहे’ म्हणणार न्हाई. राग यायचा तर माझा येऊ दे. आल्यावर भांड.

थांब, अनुराधा काहीतरी स्वतःचं टाइप करतेय. तिला करू दे.

वलू, मी आई. आजींना वाचता येत नाही, म्हणून इथेच लिहिते. मला तुझा राग आलाय, तो इतका आहे की तो लिहीत बसले तर मंगळवार उजाडेल. तो राहू दे. किती वाजता निघणार ते कळव. आपली वेळ नको, तिथली सांग, मी बघून घेईन. मधे थांबलात तर कळव. पोचल्यावर कळव. यापुढे मला पोर्ट सांगू नकोस, जो रस्ता असेल तोच सांग. बाबांना मी आज सांगते, मशीन बंद झाली की. आजी तुला गंमतीगंमतीत लिहितात, पण गेले कितीतरी दिवस त्या रात्री उठून पुढच्या दाराशी जाऊन बसतात. दिवासुद्धा लावत नाहीत. त्यांना वाटतं, मला दिसत नाही. मला वाटलं होतं वयाने असेल. इद्रिसच्या आईकडे परत जाशील तर माझ्याकडून तिच्या पाया पड. जपून जा गं बाळा.

झालं का? झालं म्हणते. बरीच टकटक केली. मी म्हटलं, वाचून दाखव. तर म्हणाली, ‘ते तुमचं पत्र नाही.’ इतक्या वर्षांत पहिल्यांदा सुनेनं मला उलट उत्तर दिलं.

राहू दे. हे मी कुणाकडनंबी वाचून घेणार न्हाई, सलोनीकडनंसुद्धा न्हाई. तू येशील, या सोफ्यावर माझ्या शेजारी बसशील, आन् तुझ्या आईनं काय लिहिलंय ते तू मला वाचून दाखवशील. तोवर ते तसंच राहणार.

रमणची मशीन बंद झाली. अनुराधा उठतेय.

अंगठा लावलाय. या वेळी तिनं स्क्रीन पुसली न्हाई.

तुझी वाट बघणाऱ्या दोघींतली थोरली,
आजी